पेंटियमचा पंखा

चिखल्याच्या खाण-कॉलनीत आमच्या क्वार्टरचं दार दिवसा कधी लोटलं जात नसे. थंडी असो, धूळ असो, नळावर उभ्या असलेल्या बायकांना थेट आमच्या चुलीपर्यंत दिसो, दार सताड उघडं. याचं कारण रमेशकाका, बाबांचे धाकटे भाऊ. खाणीत छताचा दगड सुटला तेव्हा ते त्याच्या पलीकडे अडकले होते, आणि माणसं त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या टोपीवरचा दिवा विझून गेला होता. हातपाय शाबूत घेऊन ते वर आले. पण त्यानंतर बंद दार पाहिलं की त्यांचा श्वास अडकायचा. ते उंबऱ्याशी बसून आईला तांदूळ निवडून देत, लाखोरीच्या डाळीतले खडे काढत, आणि कोणी चुकून दाराला हात लावला की सूप खाली ठेवून उठून उभे राहत. आम्ही दारावरचा हात काढून घ्यायचो आणि ते पुन्हा बसायचे.

बाबाही खाणीतच होते, पण ते कधी खाली गेले नाहीत. जमिनीवर एक इंजिनघर होतं. तिथे एका उंच खुर्चीवर बसून ते दांडा ओढत आणि माणसांनी भरलेला पिंजरा उभ्या विहिरीसारख्या शाफ्टमधून खाली सोडत, पाळी संपली की वर ओढून घेत. माणसं त्यांना दिसत नसत. दिसायचा फक्त फिरणारा ढोल आणि त्यावर गुंडाळला जाणारा दोर. माणसं बसली की नाही, सोडायचं की थांबायचं, हे सगळं घंटीवर चालायचं. रमेशकाका अडकले त्या सकाळी त्यांना खाली सोडणारा हात बाबांचाच होता. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी कधी बोललं नाही.

नातवंडांनो, भीती म्हटलं की तुम्हाला एखादा प्रसंग आठवेल. आमच्याकडे ती रोजच्या कामांसारखी होती. दुपारी भोंगा व्हायचा, मग थोड्या वेळाने जमिनीखालून एक दबका धक्का यायचा. खाली सुरुंग उडवले जात. फडताळातल्या वाट्या किणकिणत. आई त्या वेळी जे करत असेल ते थांबवून भाताच्या गंजावरच्या झाकणावर तळहात ठेवायची, झाकण वाजू नये म्हणून. धक्का गेला की हात काढायची आणि पुढचं काम करायची. मी एम. ए. करून परत आले, तुमसरच्या इंग्रजी शाळेत शिकवू लागले, तरी वर्गात दुपारी त्या वेळेला माझा खडूचा हात थांबायचा. तुमसरपर्यंत तो धक्का पोचत नाही. तरी हात थांबायचा. आम्हा दोघा भावंडांचे कान असे तयार झाले होते, की नेहमीचा आवाज आला नाही तर आम्ही आधी घाबरायचो आणि मग कारण शोधायचो.

हे सगळं आज लिहायला बसण्याचं कारण ईशान. परवा व्हिडिओ कॉलवर तो आणि त्याचे बाबा वाद घालत होते. घरी खेळासाठी संगणक जोडायचा आहे, पैसे ठरलेले आहेत. जुना प्रोसेसर घेतला तर बाकीचं सामान चांगलं येतं, नवा घेतला तर बाकी सगळीकडे हात आखडावा लागतो. ईशान म्हणाला, "आजी, तुला नाही कळणार हे." मी चष्मा पुसला आणि गप्प बसले. तारा, तू हसलीस ते मला दिसलं. तर आता दोघांनी नीट वाचा. तुमच्या आजीने हाच प्रश्न तुमच्या विनूआजोबांसाठी सोडवला आहे.

विनू माझा धाकटा भाऊ. तेव्हा मिशी नुकती फुटलेली, बी. कॉम.ला दोनदा नापास, सगळ्या कॉलनीतल्या पोरांचा लाडका. त्या वर्षी खाणीत खालच्या कामाची भरती निघाली. पावसाळा संपत आला होता. आईने झिंग्यांची चटणी केली होती, भात वाफाळत होता, आणि बाबा ताटाकडे पाहत म्हणाले, "विनू, तुयं नाव टाकलं मी. दिवाळी झाली का बलावणं येईन."

"कोठी? खाली?" विनूने विचारलं.

"मंग का वर? वरच्या खुर्च्या तुयासाठी पुसून ठेवल्या हायेत का?"

आईने भाताची पळी गंजात ठेवली. "मी माया पोराले खाली जाऊ देत नाई."

"काहून? दुसऱ्याची पोरं नाई जात का? पक्की नोकरी हाये. हा काय करन मंग? तुमसरात पोट्ट्याइसंगं टीव्हीवर गेम खेळते दिवसभर."

"तेच करन," विनू म्हणाला.

बाबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. विनूने एका दमात सगळं सांगून टाकलं. तुमसरात मामांच्या कापडाच्या दुकानालगत एक खोली रिकामी आहे. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आता सगळीकडे झाले, पोरांना त्यांचा कंटाळा आला आहे. नागपूरला त्याने एका मित्राकडे संगणकावर मोटारींची शर्यत पाहिली होती. तसा एक संगणक घेऊन बसायचं, अर्ध्या तासाने पोरं बदलायची. रमेशकाका उंबऱ्याकडे पाठ करून जेवत नसत, त्यामुळे दाराच्या बाजूला बसलेल्या मला त्यांचा चेहरा दिसत होता. विनू 'खाली' म्हणाला तेव्हाच त्यांचा घास ताटात परत गेला होता.

"तुळशीच्या लग्नापर्यंत पाहा," आई बाबांना म्हणाली. "चाललं तर त्याले राहू द्या वर."

"आन् नाई चाललं तर?"

आईने त्यांना आणखी भात वाढला. बाबांनी तो खाल्ला, आणि आमच्या घरात सौदा असाच ठरत असे.

त्या दिवसापासून वाचायचं काम माझ्यावर आलं. विनूला इंग्रजी अक्षरं येत, वाक्य आलं की तो माझ्याकडे सरकवायचा. नागपूरच्या फुटपाथवरून आणलेली संगणकाची जुनी मासिकं मी शाळेच्या वह्या तपासून झाल्या की वाचायचे. शेक्सपिअरच्या काळाचं इंग्रजी शिकलेली मी, आणि समोर तक्ते, आकडे, खुणा. हळूहळू लागला अर्थ. संगणकाचं डोकं म्हणजे प्रोसेसर. ते त्या काळी दोन प्रकारचं मिळत होतं. एक फोर एटी सिक्स. जुना, सगळ्यांच्या हाताखालून गेलेला, स्वस्त. तो घेतला तर आमच्या पैशात मोठा रंगीत पडदा येत होता, आवाजाचं कार्ड आणि दोन स्पीकरही येत होते. दुसरा पेंटियम. नवा आणि महाग. तो घेतला तर पडदा लहान, मेमरी जेमतेम, आणि आवाज मुळीच नाही. मुका संगणक.

इथवर तर जुनाच बरा वाटतो. पण शर्यतीच्या खेळाच्या खोक्यावर लिहिलं होतं की कमीत कमी फोर एटी सिक्स हवा, आणि पेंटियम असेल तर उत्तम. मित्राकडे विनूने तो खेळ फोर एटी सिक्सवर चालताना पाहिला होता. "ताई, गाडी उड्या मारत जाते," तो म्हणाला. "वळण दिसते तोवर वळण गेलेलं असते." शिवाय मासिकात होतं की पेंटियमच्या बोर्डावर पुढेमागे आणखी वेगवान प्रोसेसर बसवता येईल. फोर एटी सिक्सचा रस्ता तिथेच संपत होता. पुढच्या दिवाळीला नवे खेळ आले की सगळा डबाच बदलावा लागला असता.

मी हे कागदावर दोन रकान्यांत मांडून पाहिलं, ती माझी सवय तुम्हाला माहीत आहे. रकाने नीट झाले आणि भीती जागची हलली नाही. कारण प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच गोष्ट येत होती. गाडी अडखळली तर पोरं उठून जातील. आवाज नाही म्हणूनही उठून जातील. पोरं उठून गेली की विनू टोपी घालून पिंजऱ्यात उभा राहील. आणि यातलं काय होईल हे एकही मासिक सांगत नव्हतं. ईशान, तुम्ही चुकलात तर खेळ जरा सावकाश चालेल. एवढाच फरक आहे, आणि तो मोठा आहे.

नागपूरला बाबा स्वतः आले. घरातून निघताना त्यांनी पाळीवर जायचे बूट घातले होते, हे मला रस्त्यात दिसलं. दुकान एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. उघडे डबे, तारांची भेंडोळी, चहाचे ग्लास. विनूने सांगितल्याप्रमाणे दुकानदाराने दोन्ही संगणक जोडून ठेवले होते, झाकणं काढलेली. त्याने लगेच शर्यतीचा खेळ लावायला घेतला तसा बाबांनी हात वर केला.

"थांबा जी. आधी रिकामं चालवा."

"रिकामं म्हणजे?"

"म्हणजे काई नोका लावू. नुसतं चालू द्या. खाणीत पिंजरा बंद राहिला ना, तर आधी रिकामा खालवर करतो आमी. मंग माणूस बसवतो."

दुकानदार हसला. "काकाजी, इसमें आदमी नहीं बैठता."

"बैठता है," बाबा म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

इंजिनघरात ते कसे बसत असतील ते मी त्या दिवशी पाहिलं. पाठ ताठ, तळवे गुडघ्यांवर, नजर एका जागी. गिऱ्हाइकं येऊन गेली, दुकानदाराने दोनदा चहा मागवला. बाबा दोन्ही यंत्रांकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग ते उठले आणि त्यांनी फोर एटी सिक्सच्या बोर्डाजवळ तळहात नेला. थांबले. मग पेंटियमकडे नेला आणि झटकन मागे घेतला. त्यावर एक छोटा पंखा गुणगुणत होता.

"हे नवं तापते," ते म्हणाले.

"उसके लिए तो फॅन है, काकाजी. जेवढी ताकद तेवढी गर्मी. हे चुलीवरचं भांडं नाही, कंप्यूटर आहे."

"आन् पंखा बंद पडला तर?"

"पंखा कायको बंद पडेगा?"

"पंखा हाये म्हणजे बंद पडन कधीतरी. या जुन्याले पंखाच नाई, त्याचं काय बंद पडन?" बाबा विनूकडे वळले. "बेअरिंग तापलं का मी पिंजरा सोडत नाई. साहेब वरडला तरी सोडत नाई. तू जुनं घे."

विनू माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "बाबा, मासिकात लिहिलं आहे, हा प्रोसेसर तापतोच. तापला म्हणजे बिघडला असं नाही."

"लिहिलं हाये?"

"हो."

"समदं वाचलं तू?"

"वाचलं."

"मंग तूच सांग कोणता घ्याचा," ते म्हणाले. रागाने नव्हे. दांडा दुसऱ्याच्या हातात देऊन बाजूला झाल्यासारखे ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मला त्या क्षणी वाटलं, त्यांनी माझं ऐकू नये. त्यांनी ओरडावं, फोर एटी सिक्स बांधून घ्यावा, आणि पुढे जे होईल ते त्यांच्या हातून व्हावं. खोलीत दोन पंख्यांचा आवाज होता, एक छताचा आणि एक त्या यंत्राचा. मी म्हटलं, "पेंटियम." माझा आवाज इतका लहान निघाला की दुकानदाराने पुन्हा विचारलं.

परतीच्या एस.टी.त बाबांनी खोकं दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलं. रस्त्यात खड्डा आला की ते दोन्ही हातांनी ते अधांतरी उचलत आणि खड्डा गेला की खाली ठेवत. भंडाऱ्याच्या अलीकडे कंडक्टर म्हणाला, "काकाजी, नवी नवरी घेऊन चालले का? पाय खाली टेकू देऊन नाई राहिले." सगळी गाडी हसली. बाबाही हसले, पण पुढच्या खड्ड्याला खोकं उचललंच.

मामांच्या दुकानाला लागून एक राइस मिल होती, आणि हंगाम नव्या धानाचा. खोलीत दिवसभर गिरणीच्या पट्ट्याची धडधड आणि उकडलेल्या धानाचा वास. पहिल्या दिवशी आईने पडद्याच्या चौकटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि पाणी यंत्रावर उडू नये म्हणून मी मध्ये पदर धरून उभी राहिले. पोरं आली. पडद्यावर मोटारी निघाल्या त्या एकही उडी न मारता, पाण्यासारख्या. पण मुक्या. एक पोट्टा म्हणाला, "विनूदादा, आवाज कोठी हाये?" विनू तत्परतेने म्हणाला, "आवाज तू काहाड ना बे. गाडी तुयी, आवाज माया काहून?" आणि त्याने तोंडाने घुर्र सुरू केलं. दुसऱ्याच दिवसापासून खेळणारा एक, मोटारीचा आवाज काढणारा दुसरा आणि ब्रेक वाजवणारा तिसरा, अशा टोळ्या येऊ लागल्या. ब्रेकवाल्या पोराला तर मागणी होती. शाळा सुटली की मी तिथे जायचे आणि कोपऱ्यातल्या बाकावर वह्या तपासायचे. मला त्या गोंगाटात फार बरं वाटायचं. पोरं आहेत तोवर विनू वर आहे.

दिवाळी झाली. लाखोरीचे वडे संपले, अनारसे मऊ पडले, आणि सुट्टीतल्या एका दुपारी मी गेले तर खोलीत चार पोरं आणि आवाज कोणाचाच नाही. पडद्यावर एक लाल मोटार वळणावर उभी होती. चित्र थिजलेलं. विनू कळा दाबत होता, काही हलत नव्हतं. त्याने बटण बंद करून पुन्हा लावलं. खेळ सुरू झाला, मोटार निघाली, आणि पहिल्यापेक्षा लवकर थांबली. तिसऱ्या वेळी तर मोटारी दिसायच्या आधीच पडदा अडकला.

"दादा, आमचा अर्धा तास?" एकाने विचारलं.

"देतो रे. उद्या या," विनू म्हणाला. पोरं गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, सकाळपासून हेच होऊन राहिलं. बाबाले सांगू नोको."

"नागपूरला फोन केलास?"

"केला. म्हणते, इकडे घेऊन या, पाहू. प्रोसेसर जळला असन तर नवा टाका लागन." त्याने टेबलाची कड धरली. "कोणता नवा, ताई? पैसे कोठून आणू?"

मी त्याच्या शेजारी बसले. डोळ्यांसमोर तो दिसत होता, टोपी घातलेला, पिंजऱ्याच्या जाळीमागे. आणि इंजिनघरात बाबा, त्याला न पाहता. त्यांचा हात त्या यंत्रापासून झटकन मागे आलेला मला पुन्हा पुन्हा दिसत होता. मी काय वाचलं होतं? तापला म्हणजे बिघडला असं नाही. ते वाक्य बरोबर होतं की मी घाईने बरोबर मानलं होतं, हेही मला आता सांगता येईना. विनूने सवयीने बटण पुन्हा दाबलं. तेवढ्यात शेजारच्या गिरणीत जेवणाची सुट्टी झाली आणि पट्टा थांबला. धडधड गेली. खोलीत एकदम शांतता झाली, आणि माझ्या अंगावर काटा आला.

कॉलनीत असा काटा यायचा तो भोंगा वेळेवर झाला नाही की. मी आधी घाबरले आणि मग कारण शोधू लागले. काहीतरी वाजायला हवं होतं आणि वाजत नव्हतं. पहिल्या दिवसांत पोरं येण्याआधी ही खोली शांत असायची तेव्हा एक गुणगुण ऐकू यायची. मुका संगणक, त्याचा तेवढाच आवाज.

"विनू, पंखा ऐकू येत नाही," मी म्हटलं.

त्याने डब्याला कान लावला. मग बटण बंद करून तार काढली, पेचकस घेतला आणि झाकण उघडलं. आत पाहून तो "अरे बापा" एवढंच म्हणाला. गिरणीचा कोंडा. दारातून, छपराच्या फटीतून येणारा तो बारीक पिवळा कोंडा डब्याच्या भोकांतून आत ओढला जाऊन सगळीकडे बसला होता, आणि पंख्याच्या पात्यांमध्ये तर त्याची वडी झाली होती. पंखा बिचारा एवढे दिवस धानाचा कोंडा खात फिरत राहिला आणि अखेर अडकला. नागपूरच्या वरच्या मजल्यावर असा प्रश्न कोणाला पडला नसता. आम्हालाही पडला नव्हता, जन्म धानाच्या मुलखात गेलेला असून.

विनू धावत जाऊन समोरच्या सलूनमधून मानेवरचे केस झाडायचा मऊ ब्रश घेऊन आला. ब्रश मी घेतला. मी श्वास रोखून एकेक पातं झाडलं. खाली पिन होत्या, सोनेरी रेषा होत्या. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे मला माहीत नव्हतं, आणि मासिकात त्याचं चित्रही नव्हतं. बोटाने ढकलल्यावर पंखा एकदा फिरला. तेवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. आतला प्रोसेसर जळलेला असू शकत होता.

"थंड होऊ दे आधी," विनू म्हणाला. आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. गिरणी पुन्हा सुरू झाली. मग त्याने तार लावली, बटणावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून म्हणाला, "ताई, तू दाब."

मी दाबलं. गिरणीच्या धडधडीत काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून मी डब्यावर तळहात ठेवला. खालून बारीक थरथर आली. मोटारी निघाल्या. लाल मोटार ते वळण ओलांडून गेली आणि जातच राहिली. विनू खाली जमिनीवर बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून हसू लागला, की रडू लागला, मला अजून माहीत नाही.

मामांनी जुन्या मलमलीचा ताका दिला, तो आम्ही दारावर आणि छपराच्या फटींवर ठोकला. रोज सकाळी यंत्र सुरू करण्याआधी ब्रश फिरवायचा, असा नियम झाला. माझी भीती मात्र गेली नाही. वह्या तपासताना मी दर थोड्या वेळाने उठून डब्यावर हात ठेवून येई.

बाबा न सांगता आले. त्यांच्या सुट्टीचा वार होता. मलमलीचा पडदा बाजूला करून ते दारात उभे राहिले, आणि पोरांनी कोण म्हातारा आला म्हणून जागा दिली. विनू उठून उभा राहिला. मला वाटलं तो काहीतरी छान छान सांगेल. तो म्हणाला, "बाबा, पंखा बंद पडला होता."

"मंग?"

"कोंडा गेला होता. ताईनं ऐकलं. आता रोज झाडतो."

बाबांनी मान हलवली. मी बोलणी खाण्याच्या तयारीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पडद्याकडे पाहत म्हणाले, "चालवू का मी?"

पोरांनी एकच गिल्ला केला. विनूने त्यांना खुर्चीवर बसवलं, कोणती कळ पुढे नेते, कोणती थांबवते ते दाखवलं. शर्यत सुटली. बाकीच्या मोटारी धुरळा उडवत दिसेनाशा झाल्या आणि बाबांची मोटार रस्त्याच्या कडेने चालू लागली.

"काकाजी, पळवा ना," एक पोट्टा म्हणाला.

"पुढं वळण हाये."

"वळण लय दूर हाये, जी."

"दिसते मले."

वळणावर त्यांनी मोटार जवळजवळ उभीच केली, वळवली, मग हळूच सोडली. आवाज काढणाऱ्या पोराला काय आवाज काढावा ते कळेना, त्याने बैलगाडीला हाकारल्यासारखं "हाई हाई" सुरू केलं आणि सगळे खिदळले. बाबांची पाठ ताठ होती. कानशिलावरून घाम ओघळत होता. शेवटच्या सरळ रस्त्यावर तरी ते वेग घेतील असं मला वाटलं. त्यांनी घेतला नाही. मोटारीला एकदाही खरचटू न देता त्यांनी ती रेषेपलीकडे नेली आणि कळांवरून बोटं उचलली.

"काकाजी, शेवटचा नंबर आला तुमचा," पोरं ओरडली.

"हो ना," ते म्हणाले, आणि उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

चिखल्याच्या गाडीला वेळ होता. आम्ही दोघं तुमसरच्या स्टँडवर बाकावर बसलो. बाबांनी फुटाणे घेतले, पुडी माझ्या हातात दिली आणि स्वतः एकही दाणा उचलला नाही. आपल्या उजव्या हाताकडे ते बराच वेळ पाहत होते. मग सहज काही सांगावं तसं म्हणाले, "रमेशले सोडलं ना त्या दिवशी, घंटी रोजच्यासारखीच वाजली होती. काई फरक नोता."

मी फुटाण्यांची पुडी मिटली.

"उद्या हापिसात जातो," ते म्हणाले. "विनूचं नाव काढून घेतो."

"तुळशीचं लग्न व्हायचं आहे अजून, बाबा. आईने तोवर म्हटलं होतं."

"दुकान चालो का नाई चालो," बाबा म्हणाले. "माया हातानं तो खाली जात नाई."

गाडी लागली. लोकांची दाराशी झुंबड झाली. बाबांनी माझ्या पाठीशी हात धरला, मला आधी चढवलं, आणि सगळी माणसं वर गेली की नाही ते पाहून मग स्वतः चढले.